जात्यापाशी बसलेली दुसरी बाई

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात, सभामंडपाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, गेल्या कार्तिकात एक चित्र काढले गेले. त्यावरून गावात दोन तट पडले. मंदिर समितीने मला बोलावले. कीर्तन थांबलेले, वय झालेले, तेव्हा रिकामा माणूस म्हणून निवाडा मी द्यावा अशी मंडळींची इच्छा. निवाडा काही मला देता आला नाही. पण त्या निमित्ताने चित्रापुढे बरेच दिवस जाऊन बसलो आणि जे ध्यानात आले ते वाचक माउलींपुढे ठेवावेसे वाटले. चित्रकलेतले मला काही कळत नाही. अभंगातले गुरुकृपेने थोडेफार कळते, आणि चित्र अभंगाचे आहे. एवढ्याच अधिकारावर लिहितो.

गाव ब्रह्मपुरी तालुक्यातले, वैनगंगेपासून दोन कोस अलीकडे. पलीकडे वडसा, आरमोरी. मी कीर्तनाला उभा राहू लागलो तेव्हा नदीच्या दोन्ही काठांना एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. चित्र काढणारा मुलगा आमच्याच गावचा, तिशीच्या आतला. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणे हा त्याचा धंदा. दूरच्या वाचकांना सांगायला हवे की आमच्याकडे भाऊबीज झाली की धान कापता कापता नाटकांचे दिवस सुरू होतात ते होळीपर्यंत. वडशाला कंपन्यांची कार्यालये आहेत, गावोगावचे लोक तिथे जाऊन नाटक ठरवून येतात, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपते. त्या नाटकांना महाल, जंगल, रस्ता, गरिबाचे घर असे पडदे लागतात. हा मुलगा गरिबाचे घर फार चांगले रंगवतो अशी त्याची ख्याती. समितीने त्याला सांगितले, जनाबाईबरोबर विठ्ठल दळतो आहे ते चित्र भिंतीवर काढ. त्याला जास्त काही सांगायची गरज कुणाला वाटली नाही, कारण ते चित्र कोणते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या घरीही ते चित्र आहे. वडिलांनी पंढरपुराहून आणलेले. त्या काळी इकडून पंढरीला जायचे म्हणजे नागभीडहून छोट्या गाडीने नागपूर, तिथून मोठ्या गाडीने निघून कुर्डुवाडीला उतरायचे आणि पुन्हा छोट्या गाडीत बसायचे. एवढ्या प्रवासात काच फुटू नये म्हणून त्यांनी चित्र सोवळ्याच्या धोतरात गुंडाळून मांडीवर धरून आणले होते. डावीकडे जनाबाई, उजवीकडे पांडुरंग, मध्ये जाते. दोघांचे हात खुंट्यावर. देवाच्या डोक्यावर मुकुट, कानात मकरकुंडले, अंगावर पीतांबर, मस्तकामागे तेजाचे वलय. जनाबाईची मान खाली. भिंतीला टेकवलेला तंबोरा आणि कोनाड्यात दिवा.

हे चित्र घरात ज्या भिंतीवर टांगले होते तिच्याखालीच आमचे जाते होते. आमच्या झाडीत भात मुख्य, त्यामुळे ढेकीवर आणि उखळात कांडण जास्त. पण लाखोळी भरडायला, तांदळाची पिठी काढायला, वरून आलेली ज्वारी दळायला जाते लागेच. गावात विजेची चक्की आली तरी आमच्या घरच्या मंडळींनी ते जाते बरीच वर्षे चालवले. एकदा मी कुठल्याशा सप्ताहाला निघालो होतो, जनाबाईचेच अभंग घ्यायचे होते, पोथी चाळत बसलो होतो. तिने दळता दळता वर मान करून चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, "अवो, एवढ्या वेळचे दोघं दळून रायले, मंग पीठ कोठी हाय?"

मी हसलो. चित्राकडे पाहिले तर खरेच, जात्याभोवती पिठाचा कणही नव्हता. ती गंमत मी त्या रात्री कीर्तनात सांगितली, लोकही हसले. नंतरही दोन-चार ठिकाणी सांगितली. तिने विचारले काय होते याचा विचार मात्र तेव्हा केला नाही.

अशा छापील चित्रांनी वारकऱ्यांवर उपकार केले आहेत हे आधी कबूल केले पाहिजे. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याआधी गरिबाच्या घरात देव असायचा तो टाकावर किंवा सुपारीत. रंगीत, डोळे असलेला, आपल्याकडे पाहणारा देव चार आण्यांत झोपडीत आला तो या छापखान्यांमुळे. माझे वडील त्या तसबिरीला रोज गंध लावीत. तिच्या काचेवर गंधाचा असा थर बसला होता की देवाचे कपाळ दिसेनासे झाले होते. त्या चित्राला नावे ठेवणे म्हणजे वडिलांच्या पूजेला नावे ठेवणे, तेवढा मी धीट नाही.

पण ते पूजेचे चित्र आहे, अभंगाचे नाही, असे मला आता वाटते. त्यातला पांडुरंग दळत असला तरी त्याची दृष्टी जात्याकडे नाही, जनीकडे नाही, ती आपल्याकडे आहे. देवघरातल्या देवाने आपल्याकडे पाहिलेच पाहिजे, त्याशिवाय दर्शन कसले? मात्र दोन माणसे समोरासमोर बसून जाते ओढत असताना एकाने तिसरीकडे पाहिले तर खुंटा हातातून निसटतो. दळणाऱ्या बायांना विचारा.

आता अभंगांकडे येऊ. जनाबाई गंगाखेडची. लहानपणी पंढरीला नामदेवरायांच्या घरी आली आणि जन्मभर तिथे दासी म्हणून राहिली. स्वतःला ती नामयाची दासी म्हणवते. गाथेत तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांतले पुष्कळ भक्तीचे, नामाचे, ज्ञानाचे. आणि थोडे, पण सगळ्यांच्या तोंडी असलेले, तिच्या कामाचे. देव तिच्याबरोबर दळतो, कांडतो, ती झाडते तो केर भरतो, तिचे केस विंचरतो. माझ्या वयाच्या कीर्तनकारांनी हे अभंग शेकडो वेळा निरूपणाला घेतले असतील.

मी ते कसे सांगत असे? आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत शिकलो, तिथली शिस्त अंगात होती; आधी अभंगाचे चरण सोडवायचे, प्रमाणे द्यायची, मग दृष्टांत. या अभंगांपाशी आलो की मी नवलावर भर देई. अहो, चौदा भुवनांचा धनी, वेदांना ज्याचा ठाव लागला नाही, तो दासीच्या जात्यापाशी! मृदंग चढायचा, टाळकरी उड्या घ्यायचे, विठ्ठल विठ्ठल असा गजर व्हायचा, बायाबापड्या डोळे पुसायच्या. अद्भुत रस उभा करण्यात माझा हातखंडा होता असे लोक म्हणत. त्याचा मला अभिमानही होता.

परंतु अभंग पुन्हा शांतपणे वाचून पाहा. जनीला कुठे नवल वाटले आहे? ती देवाची कामे अशी सांगते जशी एखादी बाई घरातल्या माणसांची सांगेल. त्याने हे केले, मी ते केले. आवाज चढलेला नाही. देव आला म्हणून तिने हातातले काम सोडले, पायांवर पडली, आरती केली, असेही नाही. काम चालूच आहे. नवल आपल्याला वाटते, आणि आपले नवल आम्ही तिच्या तोंडात घालतो. कीर्तनकारांनी घातले, तसे तसबीर छापणाऱ्यांनीही घातले. मुकुट आणि तेजोवलय हे आपले नवल आहे.

आता भिंतीवरचे चित्र. आठ फूट लांब, पाच फूट उंच. अंधारलेली खोली, कुडाची भिंत, तिच्यावरचे शेणामातीचे लिंपण काही ठिकाणी पडलेले. भिंत इतकी खरी की पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्याने हात लावून पाहिली. मध्ये जाते, आणि जात्याभोवती पिठाचे कडे. जनीचा एक पाय लांब, एक दुमडलेला, जशा आमच्याकडे बाया बसतात. तिच्या समोर एक दुसरी बाई बसली आहे, पाठमोरी. डोक्यावरून पदर, लुगडे जाडेभरडे, जनीच्या लुगड्याहून जुने. तिचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो खुंट्यावरचा हात. सावळा, जवळजवळ काळा, आणि कोपरापर्यंत पिठाने पांढरा झालेला.

मुकुट नाही, पीतांबर नाही, तेज नाही. समितीच्या एका गृहस्थांनी पहिला प्रश्न केला तो रास्तच होता, "यात देव कोणचा?"

मलाही पहिल्या दिवशी राग आला. नव्या पोरांना देवाचा मुकुट काढायची हौस असते, त्यातलाच हा असे वाटले. मी त्याला घरी बोलावले आणि विचारले, हे कुठून आणले? तो गोंधळला. म्हणाला, "महाराज, तुमीच त सांगतलं होतं. मी लहान होतो, आजीसंग आलो होतो कीर्तनाले. विठाबाई."

यावर मी काय बोलणार! आम्ही कीर्तनकार ही कथा सांगतो खरी. पहाटे जनीच्या दळणात गोणाईला दुसरा आवाज ऐकू येतो, ती दाराशी येऊन विचारते, तुझ्याबरोबर आहे कोण? तेव्हा देव बाईच्या रूपात असतो, आणि सांगतो की मी गरीब बाई, पोटासाठी दळायला आले, माझे नाव विठाबाई. ही कथा मी चाळीस वर्षे विनोदासाठी वापरली. बाईचा आवाज काढून सांगायचो, मंडप हसून लोटपोट व्हायचा, आणि हसणे ओसरले की मी मुकुटाच्या देवाकडे परत यायचो. मंडपात आजीच्या मांडीवर बसलेल्या एका पोराने तेवढा मधला भाग घरी नेला, हे मला कसे कळणार?

चित्राच्या बाजूने माझे मन कशाने वळले ते मात्र कथेने नव्हे, हाताने. या चित्रात जनीचा हात सैल आहे. कोपर वाकलेले, बोटे खुंट्यावर नुसती टेकलेली. आणि पाठमोऱ्या बाईचा हात ताणलेला आहे, दंडाची शीर उठून दिसते, पाठ किंचित मागे रेललेली. मी चार दिवस ते पाहत होतो आणि मला अर्थ लागत नव्हता. जनी आळशी का दाखवली, असेही एकाने विचारले.

घरी गेलो आणि न्हाणीमागे पालथे पडलेले जाते ओढून काढले. सूनबाईला म्हटले, बस समोर, मूठभर लाखोळी आण. ती हसायला लागली. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात मी जात्यापाशी दळायला कधी बसलो नव्हतो, आणि कबूल करायला लाज वाटते, पण जनाबाईवर दोनशे तरी कीर्तने केली असतील. आधी मी एकट्याने ओढून पाहिले. पूर्ण फेरा एकाच खांद्यावर येतो. आपल्याकडे ओढताना जमते, पलीकडे ढकलताना दंडात कळ येते. दहा फेऱ्यांत दम लागला. मग सूनबाईने समोरून खुंटा धरला. आणि फरक कळला. दोघांनी धरले की अर्धा फेरा आपला आणि अर्धा समोरच्याचा. जाते तिच्याकडे जात असताना आपला हात नुसता बरोबर जातो, त्याच्यावर काही भार नसतो. तेवढ्या अर्ध्या फेऱ्यात श्वास घेता येतो. दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठ टाकता येते. आणि गाता येते.

चित्रकाराने नेमका तो अर्धा फेरा धरला आहे. जाते त्या बाईच्या बाजूला आहे, भार तिच्यावर आहे, आणि जनी मोकळी आहे. म्हणून तिचे तोंड अर्धवट उघडे आहे. ती गाते आहे. माझ्या मते त्या अभंगांतला भाव हाच आहे, दुसरा नाही. देव आला याचे नवल नाही, अर्धा भार उतरला याची सुटका आहे. त्या सुटकेतून अभंग आला. तो देव आहे हे चित्र सांगत नाही, पण तो काय करतो ते सांगते.

शास्त्राचा आधार म्हणाल तर तो आमच्या भागाशी जोडलेल्या ऋषींचाच आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाचे देऊळ आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. मार्कंडेय ऋषींचे ते स्थान मानतात. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात याच मार्कंडेयांना वज्र राजा विचारतो की देवाची मूर्ती कशी घडवावी ते सांगा. ऋषी म्हणतात, चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही. मग चित्र सांगा. नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही. नृत्याला वाद्य हवे, आणि वाद्याच्या मुळाशी गीत आहे. आधी गीत शीक. राजाला मूर्ती हवी होती, त्याला गाण्यापासून सुरुवात करावी लागली. हा संवाद मी तरुणपणी पाठ केला होता, पण मला तो शास्त्रकारांचा लांबण लावण्याचा प्रकार वाटे. आता वाटते, त्या मुलाने काही न वाचता तेच केले. छापील चित्रावरून चित्र काढले असते तर त्याला मुकुट मिळाला असता. तो गाण्यापाशी गेला, आणि गाणे ज्या कामातून उठते त्या कामापाशी गेला. त्याच्या आजीने त्याला लहानपणी लाखोळी भरडताना समोर बसवले होते, खुंट्याला पोराचा हात लावून घेतला होता, हे त्याने मला नंतर सांगितले.

त्याच पुराणात पुढे चित्रांचे रस सांगितले आहेत, आणि घरात शृंगार, हास्य आणि शांत एवढ्याच रसांची चित्रे असावीत, देवळात आणि राजसभेत सगळे रस चालतात, असा नियम आहे. मंदिराच्या भिंतीवर असे गरिबीचे चित्र शोभत नाही म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवले. त्यांचे समाधान झाले नाही. शास्त्राने समाधान झालेला माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

चित्रात दोष नाहीत असे नव्हे. दिव्याचा उजेड फार नाटकी आहे. पडदा रंगवणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसेल असे रंगवायची सवय. त्यामुळे जनीच्या गालावर असा पिवळा झोत पडला आहे की जणू पलीकडून कुणी बत्ती धरली आहे. पहाटेच्या दळणाचा दिवा मिणमिणता असतो. दुसरे म्हणजे जनीचे वय. ती फार तरणी आणि फार देखणी झाली आहे, भुवया तर सरळ नटीच्या. तिसरे, सुपातले धान्य. त्याने लाखोळी रंगवली आहे. पंढरपुरी ज्वारी असणार. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, आमच्या गावच्या भिंतीवर आमचे धान्य. हा मुद्दा मी सोडून दिला. जनीचे हात मात्र खरे आहेत, आणि पाठमोऱ्या बाईची पाठ तर मी विसरू शकत नाही. तिच्या पाठीवर पदराची घडी घामाने चिकटलेली आहे.

पडदे रंगवणाऱ्यांना कुणी कमी लेखू नये. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांच्याच हाताखाली दामले आणि फत्तेलाल तयार झाले, आणि त्या दोघांनी १९३६ साली प्रभातचा संत तुकाराम चित्रपट केला. तुकोबांचे सदेह वैकुंठगमन त्यात आहेच, पण मला आठवते ती आवली. संसार ओढून ओढून कातावलेली, तोंडाने फाडफाड बोलणारी. गौरी नावाच्या बाईंनी ती केली. पडद्यावर गरुड उडाला तेव्हा मी हात जोडले, आवली बोलली तेव्हा आई आठवली.

आणखी एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, राजुरा-जिवतीकडे, गोंडांचे परंपरेने गायक असलेले परधान आहेत. तीन तारांच्या किकरीवर ते गोंडांच्या देवांची आणि कुळांची गाणी गातात. मध्य प्रदेशातल्या त्यांच्या भाऊबंदांचे वाद्य बाना. गाणे ऐकणारे यजमान कमी होत गेले, गळे रिकामे पडू लागले. तिकडे मंडल्याकडच्या पाटनगढचा जनगढ सिंह श्याम हा परधान तरुण भिंतीवर चित्रे काढत होता. १९८१ साली भोपाळच्या भारत भवनासाठी फिरणाऱ्या मंडळींच्या नजरेला ती पडली. पुढे त्याची चित्रे परदेशात गेली, आणि २००१ साली जपानातच त्याचा अंत झाला. त्याच्या चित्रांत झाडे, हरणे, देव सगळे बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेले असतात. ते ठिपके बघताना मला नेहमी तालाच्या मात्रा वाटतात. गाणाऱ्या कुळात गाणे थांबले तर ते हातात उतरत असावे. माझा गळा गेल्याला सहा वर्षे झाली. डॉक्टर म्हणतात बोला, गाऊ नका. माझ्या हातात मात्र काही उतरले नाही. तेव्हा त्या पडदेवाल्या पोराकडे पाहताना मत्सर वाटला नाही असे म्हणणार नाही.

आता विटेचे. समितीची बैठक झाली, मलाही बसवले. चित्र पुसून नवे काढावे असे काहींचे म्हणणे, राहू द्यावे असे काहींचे. शेवटी एक तोडगा निघाला की देव ओळखू यावा अशी एखादी खूण त्यात घालावी. मुकुट नको, तर वीट घाला. वीट म्हणजे आपला विठोबाच, अडाण्यालाही कळेल. मुलाने दोन दिवस विचार केला आणि पाठमोऱ्या बाईच्या बुडाखाली वीट रंगवली. ती विटेवर बसून दळते आहे, जशी एखादी बाई जमीन ओली म्हणून काही तरी खाली घेते.

या विटेवर माझे मन अजून स्थिर होत नाही. एका बाजूने वाटते हे चुकले. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर देव उभा आहे, अठ्ठावीस युगे. तो जनीकडे जातो तेव्हा ती वीट राऊळात मोकळी राहते. ज्या घरी तो दळायला गेला तिथे त्याने वीट बरोबर नेली असेल, तर तो मोठेपण घेऊन गेला. मग मुकुट काय वाईट होता? चित्राचा सगळा भाव त्या एका खुणेने मागे ओढला जातो. गोणाईला न कळलेले आपल्याला कळले, अशी एक शहाणपणाची भावना पाहणाऱ्याच्या मनात येते, आणि जनीकडचे लक्ष उडते. मी पाहिले आहे, लोक आता येतात, वीट शोधतात, सापडली की हसतात आणि पुढे जातात. पूर्वी ते चित्रापुढे जास्त वेळ थांबत, कारण त्यांना काही सापडत नव्हते.

दुसऱ्या बाजूने मात्र विचार येतो, उभे राहून राहून ज्याचे पाय दुखले असतील त्याला त्या घरी बसायला मिळाले. विटेवर उभा असलेला देव सगळ्यांनी पाहिला, त्याच विटेवर टेकलेला कुणी पाहिला? हे त्या मुलाच्या मनात होते की नव्हते, मी विचारले नाही. असेल तर तो माझ्याहून मोठा निरूपणकार आहे. नसेल तर समितीच्या सांगण्यावरून चांगले झाले, असेही होते कधी कधी.

जात्यावरच्या ओव्यांचे मोठे धन आपल्या बायांनी जपले. साने गुरुजींनी स्त्री जीवनात त्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत पंढरी आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे. हे सारे गाणे कुणी बसून रचलेले नाही, हात चालू असताना आलेले आहे. चक्की आली आणि दंडाची कळ गेली, हे चांगलेच झाले. कुणा सुनेला पुन्हा पहाटे तीनला जात्यापाशी बसवावे असे मी म्हणणार नाही. आमच्या घरच्या मंडळींनी त्या जात्यावर बहुतेक एकटीनेच दळले. मी तेव्हा कुठल्या ना कुठल्या गावी तेच अभंग सांगत होतो. ती जाऊन चार वर्षे झाली. ती दळताना गात असे का, हे मला सांगता येत नाही. मी घरी असे तेव्हा ती मला जाग येऊ नये म्हणून गप्प दळायची.

सध्या नाटकांचे दिवस आहेत, मुलगा वडशाला पडद्यांच्या कामात आहे. होळीनंतर मोकळा झाला की जनीच्या गालावरचा तो पिवळा झोत कमी करतो म्हणाला आहे. भुवया मात्र तशाच ठेवणार, त्या गावातल्या बायांना आवडल्या आहेत. चित्राखाली नाव काय लिहायचे हेही राहिले आहे. समितीने पाटीसाठी जागा सोडली आहे. संत जनाबाई व श्रीविठ्ठल असे लिहावे की जनाबाई व विठाबाई, यावर पुढच्या एकादशीला पुन्हा बसायचे ठरले आहे.